बोटीनं आलेला मुंज्या

झाडाला खायला घालू नका. एवढंच म्हणणं होतं माझं.

पण घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर आमची बारा खोल्यांची बैठी चाळ, सगळी मंडळी मालवण-देवगडकडची. एखादं झाड उपाशी ठेवायचं म्हणजे ह्या लोकांना पाप वाटतं. मासे धुतलेलं पाणी आमच्याकडे कुणी गटारात ओतत नाही. दारात तोंडली असेल, अळू असेल, शेवगा असेल, त्याच्या मुळाशी जातं. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, बांगड्याची डोकी, सगळं तिकडेच. आणि झाडं पण अशी माजतात म्हणता! आमचा शेवगा पत्र्यावरून वाकून पलीकडच्या तबेल्यात म्हशींच्या डोक्यावर शेंगा टाकायचा.

माझ्या दारात घासलेटच्या चौकोनी डब्यात जे होतं, त्याला मात्र हे सगळं विष.

ते सहदेवनं आणलं. सहदेव म्हणजे शेजारच्या खोलीतला, माझा दोस्त. विलायती कंपनीच्या मालवाहू बोटीवर खलाशी. वर्षाचे दहा महिने पाण्यात, दोन महिने माझ्याबरोबर उनाडक्या. मी साकीनाक्याला एका कारखान्यात टर्नर. लेथवर हात चालतो, पण डोकं रिकामं राहतं, मग त्यात काहीतरी शिजतं. एकदा मी फोरमनचा जेवणाचा डबा वेल्डिंगवाल्याकडून बंद करून घेतला होता. बिचारा छिन्नी घेऊन जेवायला बसला. लग्न माझं दोनदा ठरलं. पहिल्या मुलीच्या बापाला मी गमतीत सांगितलं की मी अंदमानातून शिक्षा भोगून आलोय. तो चपला न घालताच उतरला टेकडी. दुसऱ्या वेळी मी काहीच बोललो नव्हतो, पण पहिल्यानं दुसऱ्याला गाठलं. राहिलो तसाच.

अडुसष्ट साल. सुएझचा कालवा लढाईमुळे बंद होता, त्यामुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायच्या. सहदेवची बोट केपटाऊनला तेलपाण्याला थांबली होती. सुट्टीवर आला तो थेट माझ्या खोलीत. पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. तपकिरी, सुकलेली, मुठीएवढी, वरून मिटलेली.

"धाक्या, ओळख."

"साळिंदराचं पिल्लू."

"हट्!"

"तुझ्या कप्तानाची दाढी."

"अरे फूल आहे ते! प्रोटिया म्हणतात. तिकडे बाजारात बायका बादल्या भरून विकतात. डोंगरच्या डोंगर ह्याचे, यार. एकेक फूल परातीएवढं."

"आणि समुद्र दुधाचा."

"बघ, तू पण असंच म्हणतोस. शेवंतीला सांगितलं तर म्हणते, बोटीवर पिऊन पडता आणि इथे येऊन पराती सांगता." तो माझ्याजवळ सरकला. "ह्याच्यात बी आहे. मी तर जाणार पुन्हा. तू लाव. तिला सांगायचं नाही. फूल आलं की एक दिवस तिला नेऊन समोर उभी कर. म्हणावं, हे बघ, तुझा नवरा खोटं बोलत नाही. माझी इज्जत तुझ्या हातात."

दुसऱ्याची इज्जत माझ्या हातात कुणी दिली नव्हती कधी. मी हो म्हटलं.

फूलवालीनं त्याला सगळं सांगितलं होतं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवारे करून. ह्या झाडाला खत नाही, शेण नाही, मासळी तर नाहीच नाही. डोंगरावरच्या भिकार मातीत वाढतं ते. चांगलंचुंगलं खायला घातलंत की पानं करपतात आणि मरतं. मुळाशी पाणी साचलं तरी मरतं. आणि बी पेरल्यावर वर गवत पेटवायचं. तिकडे वणवा लागून गेला की त्याचा धूर खाऊन बी उठतं म्हणे. मला वाटलं, आता हा मला बनवतोय. पण बनवत असेल तरी झकास बनवतोय, म्हणून केलं.

थंडी पडल्यावर टेकडीवरचा मुरूम चाळून आणला, त्यात खाडीची नाही, नदीची वाळू घातली. खाडीच्या वाळूत मीठ. डब्यांच्या बुडाला खिळ्यानं पन्नास पन्नास भोकं पाडली. त्या सुक्या फुलातून चाळीसेक बिया निघाल्या, प्रत्येकीला केसाळ शेपटी. पेरल्या, वर सुकं गवत घालून काडी लावली. सगळी चाळ बघायला. सुगंधा, म्हणजे आमच्या चाळीचा रेडिओ, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "धाकू, झाडं लावतोस की जाळतोस रे?"

दीड महिन्यानं पाच कोंब आले.

पावसाळ्यात मी त्या पाच रोपांवर पत्रा तिरका धरून ठेवला, डबे विटांवर उचलले, तरी हवेतल्या ओलीनं दोन गेले. उरले तीन. ऑक्टोबरात मी कारखान्यातून आलो तर एका डब्यातून मुशी माशाचा वास. सुगंधा खूष होऊन म्हणाली, "सुकलेलं दिसलं रे, म्हटलं घालूया थोडं पाणी. मुशी धुतली होती." आठ दिवसांत पानांच्या कडा काळ्या पडल्या. दुसऱ्याला कुणी शेण घातलं ते अजून कबूल केलेलं नाही. उरलं एक.

मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, बाबांनो, काही घालू नका. सगळे हो म्हणाले. सगळ्यांच्या डोळ्यांत तेच, हा मेला झाडाला उपाशी मारतोय. मला कळलं, समजावून काही होणार नाही. घाबरवलं पाहिजे. ते मला येतं.

एके दुपारी मी डब्याला काळा दोरा बांधला, एक लिंबू ठेवलं, शेंदूर फासला आणि सुगंधाच्या दारात जाऊन तोंड पाडून बसलो.

"काय झालं रे?"

"कुणाला सांगू नकोस."

हे वाक्य सुगंधाला सांगितलं की बाराच्या बारा खोल्यांत पोचायला पंधरा मिनिटं लागतात.

"त्या झाडात मुंज्या आहे."

"अरे, मुंज्या पिंपळावर असतो."

"आपला. हा बोटीनं आलाय. मराठी येत नाही त्याला. म्हणून तर काही बोलत नाही." मी आवाज खाली आणला. "आणि त्याला खायला घातलं ना, की तो मागे लागतो. जो घालेल त्याच्या मागे. मग सोडत नाही, कायमचा."

"अगो बाय!" सुगंधानं पदर डोक्यावर घेतला.

त्या दिवसापासून माझ्या डब्याच्या चार हात लांबून लोक जायला लागले. पोरं तिकडे चेंडू गेला तर चेंडू सोडून द्यायची. मी रोज सकाळी मुळाशी मापून पाणी घालायचो, पानांना थेंब लागू द्यायचा नाही. पानं पिवळी पडायला लागली की गंजलेले खिळे भिजवून ते लाल पाणी द्यायचो. ही माझी स्वतःची अक्कल, फूलवालीची नाही. झाड माझ्या गुडघ्याएवढं झालं. सत्तर साली सहदेव सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मुंज्याची गोष्ट ऐकली आणि माझ्या खोलीत जमिनीवर लोळून हसला. शेवंतीवहिनी भिंतीपलीकडून ओरडली, "काय चाललंय दोघांचं?"

"काही नाही गं!" आणि पुन्हा हसला.

त्याच वर्षी जुलैत बोटीच्या कंपनीचं पत्र आलं.

टेकडीवर पोस्टमन धड येत नाही, म्हणून सहदेवनं माझ्या कारखान्याचा पत्ता दिला होता. इंग्रजी पत्र. आमचे कारकून शिवदासबाबू यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. केपच्या जवळ वादळ. लाट डेकवर आली. तीन माणसं गेली. दोन दिवस शोधलं.

मी पत्र खिशात घालून चालत घरी आलो. वहिनी दारात भाकरीचं पीठ मळत बसली होती. मी सांगितलं.

ती हसली.

"पुरे हां भावजी. कसली मस्करी ही. असलं बोलू नये."

तिची तरी काय चूक? दोन वर्षांपूर्वी मी तिला सांगितलं होतं की सहदेवनं मोंबासाला दुसरी केलीय, आणि ती दोन दिवस जेवली नव्हती. त्याच्या आधी आणखी काहीतरी. मी पत्र पुढे केलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती पत्राकडे बघून पण हसली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मग हळूहळू तिचं हसू गेलं. ते जाताना मी बघितलं. एवढी वाईट गोष्ट मी दुसरी बघितली नाही.

प्रेत नाही, राख नाही. दिरानं गावाला दर्भाचा पुतळा करून जाळला. वहिनी जाऊन आली. मला म्हणाली, "गवत जाळलं, भावजी. माणूस नाही."

पुढच्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला तिनं पत्र्यावर पान ठेवलं. भात, वडे, बांगड्याचं तिखलं. नियमात मासे बसत नाहीत, पण सहदेवला त्याशिवाय जेवण जायचं नाही. सगळ्यांच्या पानांना कावळे शिवले. आमच्याकडे कावळ्यांना काय तोटा? शेजारी तबेला. पण सहदेवच्या पानाकडे एक कावळा फिरकला नाही. अकरा वाजले, बारा वाजले, एक. वहिनी मान वर करून उभी.

तेवढ्यात सुगंधा बोलली. तिच्या मनात वाईट नव्हतं. "कावळा कसा शिवेल गो? तो वर नाहीच. तो तिथे बसलाय, धाकूच्या डब्यात. बोटीनं आलेला म्हणजे दुसरा कोण असणार?"

माझा मुंज्या सहदेव जाण्याच्या आधीच आला होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. पण मी म्हटलं, चार दिवसांत विसरतील.

महिन्याभरानं मला डब्यात बांगड्याचा काटा सापडला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी दाराआड थांबलो. वहिनी औषधांच्या फॅक्टरीतून आली, बाटल्या भरायचं काम होतं तिला, हातपाय धुतले, आणि ताटलीत भात-आमटी घेऊन माझ्या दाराशी आली. डब्याशेजारी बसली. बोटांनी मुरूम उकरला, घास आत ठेवला, वरून झाकला. अगदी सवयीनं.

मी बाहेर आलो. "वहिनी, अहो काय करताय?"

"जेवण ठेवते."

"अहो, त्याला खायला घातलं तर तो मागे लागतो. तुम्हाला माहीत नाही?"

तिनं वर बघितलं. "माहीत आहे. म्हणूनच घालते."

यार, मी आयुष्यात शेकडो लोकांना बनवलंय. पण माझंच वाक्य असं परत येऊन माझ्या छातीवर बसेल असं वाटलं नव्हतं.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं खरं सांगितलं. मुंज्या-बिंज्या काही नाही. ती मी मारलेली थाप. सुगंधाला घाबरवायला. हे एक झाड आहे, ह्याला मासळी चालत नाही, हे मरेल. फक्त फुलाचं सांगितलं नाही. ते सहदेवनं सांगायचं नाही म्हटलं होतं.

तिनं ताटली खाली ठेवली.

"तुम्ही ती चिठ्ठी घेऊन आलात भावजी, तेव्हा मला ते खोटं वाटलं. ते खरं निघालं. आता हे खोटं म्हणताय. तुमचं कुठलं धरायचं मी?"

आणि ताटली उचलून गेली.

झाडाच्या पानांच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. वरचा मुरूम मी रोज सकाळी खरवडून काढायचो, नवा घालायचो, डबा तिरका करून धुऊन काढायचो. ती रोज संध्याकाळी घालायची. असं तीन आठवडे. मग मला कळलं, ह्या दोघांतलं एकच वाचेल. झाड वाचवायचं तर वहिनीचा डबा जाणार. डबा तसाच ठेवायचा तर झाड जाणार, आणि सहदेवची इज्जत पण. बिया काही उरल्या नव्हत्या.

डिसेंबरात चाळीतल्या एकाचं लग्न होतं, मुलुंडला. सगळी चाळ लॉरीत बसून गेली, वहिनीला पण सुगंधानं ओढून नेलं. मी पोट धरून खोलीत पडलो. लॉरी वळणावर गेली, मी उठलो.

कारखान्यामागे कण्हेरीचं रान होतं. त्यातलं एक कोवळं झाड मी आधीच दुसऱ्या घासलेटच्या डब्यात लावून ठेवलं होतं. तशीच लांब पानं, तीच उंची. कात्रीनं फांद्या छाटून अगदी जुळं केलं होतं. काळा दोरा, शेंदूर, लिंबू, सगळं इकडून काढून तिकडे. डब्यावरचा पोचा पण हातोडीनं त्याच जागी पाडला. टर्नरचं काम आहे, मापात फरक पडत नाही.

खरा डबा खांद्यावर घेतला आणि टेकडी चढलो. वर जुनी दगडाची खाण आहे, बंद पडलेली. तिथे कुणी जात नाही. कपारीत एक जागा आहे, वारा खेळतो, सकाळचं ऊन येतं, पाणी थांबत नाही. तिथे डबा ठेवला, शेळ्यांसाठी भोवती दगड आणि बाभळीच्या काट्या लावल्या. दम लागला होता. खाली सगळी वस्ती दिसत होती, कारखान्यांचे पत्रे, धूर. एवढी बेमालूम चोरी मी जन्मात केली नव्हती. मोठ्यानं हसलो. खाणीत आवाज घुमला आणि थांबला. सांगणार कुणाला? हे ऐकून जमिनीवर लोळला असता असा एकच माणूस होता.

त्यानंतर दोन वर्षं माझी अशी गेली. सकाळी पाचाला उठून खाणीत. तांब्याभर पाणी, पानांना न लावता. पावसाळ्यात पत्रा. आठवड्यातून एकदा खिळ्यांचं पाणी. मग खाली येऊन कण्हेरीच्या कळ्या खुडायच्या. कारण कण्हेरीला फूल आलं की माझी वाट लागली. आणि ती मेली भात-आमटी खाऊन अशी फोफावली होती की रोज चार कळ्या! लोक फुलं यावीत म्हणून झाडं लावतात. मी दोन सांभाळत होतो, एकाला फूल यावं म्हणून आणि दुसऱ्याला येऊ नये म्हणून.

संध्याकाळी वहिनी कण्हेरीशी बोलायची. आमच्या भिंती पत्र्याच्या, सगळं ऐकू यायचं. आज फॅक्टरीत ट्रे फुटला. आज नळाला पाणी नव्हतं. आज धाकूभावजींनी सुगंधाच्या कोंबडीला निळी शाई लावली, ती बाई ओळखेचना आपली कोंबडी. हे सांगताना जरा हसायची. मी आत चिमणी न लावता बसून ऐकायचो. मला पण बाहेर जाऊन तिथे बसावंसं वाटायचं. माझा पण तो दोस्त होता. पण मला माहीत होतं ना, की ती कण्हेर आहे.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात खाणीतल्या झाडाच्या शेंड्याला एक कळी दिसली. सुपारीएवढी, टोकाशी लालसर. मी तिच्यासमोर बसकण मारली. कळीला हात लावला नाही.

त्याच महिन्यात वहिनीच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. गावाहून भाऊ आला, म्हणाला, करायला कुणी नाही, तू ये. खोली दिराच्या मुलाला द्यायची ठरली. "पौर्णिमेनंतर निघते," वहिनी म्हणाली. "माघातली."

म्हणजे फेब्रुवारीची सुरुवात. कळी इतकी आळशी की रोज बघितलं तर काल होती तेवढीच. डिसेंबरात लिंबाएवढी. संक्रांतीला मुठीएवढी, पण घट्ट मिटलेली. मी तिला शिव्या देऊन बघितल्या, समजावून बघितलं. एकदा खत घालावंसं वाटलं, आईशप्पथ!

आणि खरी अडचण पुढेच होती. फूल दाखवायचं म्हणजे डबा बदलला हे सांगायचं. म्हणजे दोन वर्षं ती ज्याला जेवू घालत होती, ज्याच्याशी बोलत होती, ती कारखान्यामागची कण्हेर. हे तिला जाताजाता सांगायचं? आणि नाही सांगायचं तर सहदेव कायमचा थापाड्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी गेलो तर फूल उघडलं होतं.

पेल्यासारखं. बाहेरच्या पाकळ्या लांब, ताठ, चिकट, मुळाशी पांढरट आणि टोकाला गुलाबी. आत मध्ये केसांचा दाट झुबका. पेल्यात मध होता. एक इवलासा जांभळा पक्षी येऊन चोच बुडवून गेला, जसं काही तो रोजच आफ्रिकेतली फुलं पितो.

टेकडी उतरलो. वहिनी दारात ट्रंक पुसत होती.

"वहिनी, एक सांगायचंय."

"मस्करी असेल तर नको, भावजी. दोन-चार दिवस राहिलेत."

"मस्करी नाही. ते डब्यातलं झाड... ते सहदेवनं दिलेलं नाही. मी बदललं. दोन वर्षं झाली. ही..."

"कण्हेर आहे," ती म्हणाली.

मी डब्याकडे वळून बघितलं.

वहिनी एरवी शहरातलं बोलायची. रागावली किंवा गहिवरली की गावचं निघायचं. फडकं बाजूला ठेवून म्हणाली, "तुमका काय वाटला, माका कण्हेर कळणा नाय? आमच्या कुंपणाक सगळी कण्हेर. मुलुंडहून इलंय त्याच सांजेक कळला माका. पान मोडला, चीक इलो."

"मग? मग तुम्ही दोन वर्षं..."

"मग काय करणार? घरात बसून भिंतीशी बोलू?" ती पुन्हा शहराच्या बोलण्यावर आली. "माणसाला बसायला एक जागा लागते, भावजी. त्या डब्याशी बसले की कुणी विचारत नव्हतं, एकटी काय बसलीस म्हणून. घाबरून लांबून जायचे सगळे. तुमच्या मुंज्याचे उपकार."

"पण कळ्या... मी रोज कळ्या खुडायचो, तुम्हाला कळू नये म्हणून."

"सगळ्या कुठे तुम्हाला दिसायच्या? मागच्या बाजूच्या मी खुडायचे. सुगंधानं फूल बघितलं असतं तर संपलंच सगळं."

आमचा काय पण कारखाना चालला होता! एका डब्यावर दोन कामगार, सकाळपाळी आणि संध्याकाळपाळी, आणि एकमेकांना पत्ता नाही. म्हणजे तिला होता, मलाच नव्हता. मला हसू पण येईना. मी म्हटलं, "फूल आलंय. खऱ्याला. सहदेव म्हणाला होता तुम्हाला दाखव."

तिचा हात ट्रंकेवर थांबला.

एका विधवेनं आणि माझ्यासारख्या सड्या माणसानं दिवसाढवळ्या मिळून टेकडी चढायची म्हणजे सुगंधाला महिनाभराचा खुराक. म्हणून ती टोपली घेऊन शेणी गोळा करायला निघाल्यासारखी इकडून गेली, मी तबेल्याला वळसा घालून तिकडून. खाणीपाशी भेटलो. मी काट्या बाजूला केल्या.

तिनं बघितलं. पुढे वाकून बघितलं. मग बाजूनं. माझं काळीज लेथसारखं फिरत होतं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच म्हणजे?"

"परातीएवढं म्हणाला होता. हे तर वाटीएवढं पण नाही." तिनं दोन बोटांनी पाकळीला हात लावला, बोट चिकटलं, ते तिनं जिभेला लावलं. "थापाडो मेलो!"

आणि मग ती रडली. पत्र आलं तेव्हा नाही, पुतळा जाळला तेव्हा नाही, ती आत्ता रडली, टोपली पालथी घालून त्यावर बसून, त्याला शिव्या देत. परातीच्या, बोटीच्या, दारूच्या, मोंबासाच्या. मी दुसरीकडे तोंड करून दगड मोजत होतो. चौऱ्याऐंशी झाले.

शेवटी नाक पुसून म्हणाली, "फूल आहे मात्र खरंच. एवढं खरं बोलला."

"तोडून देऊ? न्याल गावाला?"

"नको. तिथे चार दिवसांत आई विचारेल, हे काय, आणि मला सगळं सांगावं लागेल. राहू दे." उठली, टोपली घेतली. "भावजी, तुम्ही लग्न करा आता. वय गेलं तरी करा. अंदमान सांगू नका फक्त."

ती आधी उतरली. मी अर्धा तास थांबलो, रीत म्हणून.

परळच्या डेपोवर तिला मालवणची एस.टी. गाठून दिली. ट्रंक टपावर चढवली. खिडकीतून ती म्हणाली, "कण्हेरीच्या कळ्या आता कुणी खुडू नका." गाडी सुटली. मी हात हलवला, पण ती पलीकडच्या बाजूला पैसे काढत होती, कंडक्टर आला होता.

मी कळ्या खुडल्या नाहीत. आठव्या दिवशी सकाळी सुगंधाची किंकाळी ऐकू आली. बाराही खोल्या रिकाम्या झाल्या. मुंज्याच्या डब्यातल्या झाडाला सात-आठ गुलाबी फुलं आली होती. झक्क.

"फुललाय!" सुगंधा म्हणाली. "सहदेव फुललाय गो! बायको गावाला गेली, सुखी झाला तो!" आणि तिनं हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. कोकणातली एवढी माणसं, कुंपणाला कण्हेर बघत लहानाची मोठी झालेली, एकालाही शंका आली नाही.

माझ्या पोटातून हसू वर यायला लागलं. सवयीनं मी शेजारच्या दाराकडे बघितलं. दाराला दिराच्या मुलानं नवं कुलूप लावलं होतं, अजून राहायला आला नव्हता. हसू तिथेच अडकलं. एकट्यानं हसायचं म्हणजे काय हसायचं? सगळे माझ्याकडे बघत होते, डबा माझा म्हणून.

मी पण हात जोडले.